उघडिपीचे दिवस

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात आभाळ फाटले. शहरातल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा पुरामागून हिवताप येणारच, असे आपण धरून चालतो. पाणी वाढले की डास वाढले, इतका तो सरळ हिशेब.

डासाचा हिशेब इतका सरळ नसतो. आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफिलिस क्युलिसिफॅसिस. धो धो वाहते पाणी त्याला मानवत नाही. पुराचा लोंढा त्याच्या अळ्या धुऊन नेतो. त्याला हवे असते पूर ओसरल्यावर मागे उरलेले पाणी. नाल्याच्या पात्रातली उन्हातली डबकी, खडकातले खळगे, रस्त्यासाठी मुरूम उपसलेले खड्डे, कालव्याचा पाझर. झड थांबून आठ-दहा दिवस उघडीप मिळाली, की अंड्याचा डास होतो. म्हणून यवतमाळात हिवतापाचा अंदाज बांधायचा तर पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा तो कधी थांबला आणि किती दिवस थांबला, हे आधी पाहायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे.

इतिहासात याचा फार मोठा दाखला आहे. १९३४ मध्ये श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, पावसाने दगा दिला. एरवी भरून वाहणाऱ्या नद्या आटल्या, पात्रांत जागोजागी डबकी उरली आणि याच क्युलिसिफॅसिसने तिथे बस्तान बसवले. १९३४-३५ च्या त्या साथीत सुमारे ८० हजार माणसे मेली. पंजाबात मात्र १९०८ ची भयंकर साथ अतिवृष्टीच्या पाठोपाठ आली. हिवतापाचे संशोधक एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी १९११ च्या अहवालात तिचा संबंध पावसाशी जोडला आणि धान्याच्या महागाईशीही. उपाशी अंगाला ताप जास्त मारतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे अतिवृष्टी, आणि दोन्हींच्या शेवटी हिवताप.

यवतमाळातल्या पूस, अडाण, अरुणावती आणि दक्षिण सीमेवरची पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत ही दोन्ही रूपे एकाच पावसाळ्यात दिसू शकतात. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच वेळी मोसमी पावसाचे एकूण मान घटले. म्हणजे चार दिवस झोडपणी आणि मग लांबलेली उघडीप. सोयाबीन-कपाशीवाल्याला हा पाऊस रडवतो. डासाला तो सोयीचा आहे.

आता तापमानाचे पाहू. डासाने रुग्णाचे रक्त प्यायल्यावर लगेच तो दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. त्याच्या पोटात परजीवीची वाढ पूर्ण व्हावी लागते. प्लाझमोडियम फाल्सिपॅरम या परजीवीसाठी जुना, मान्य ठोकताळा असा: सरासरी तापमान १६ अंशांच्या वर जितके अंश, त्याने १११ ला भागायचे. २० अंशांना २८ दिवस लागतात, २२ अंशांना साडेअठरा, २५ अंशांना जेमतेम १२. रोज १०० पैकी ८५ डास जगतात असे धरले, तर २८ दिवस तग धरणारा डास शंभरात एखादाच निघतो. साडेअठरा दिवसांची गोष्ट असेल तर पाच निघतात. दोन अंशांनी धोका पाचपट होतो! नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री पूर्वीइतक्या गार राहिल्या नाहीत, तर हंगाम पुढे सरकतो तो असा. उलट मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत आणि कोरड्या हवेत डास फार टिकत नाही. तापमान जितके जास्त तितका हिवताप जास्त, असे म्हणूनच म्हणता येत नाही. शिवाय वेधशाळेचा तापमापक सांगतो ते बाहेरचे तापमान. डास विसावतो घरात आणि गोठ्यात. कुडाच्या भिंती उन्हाळ्यात आत गारवा धरतात आणि हिवाळ्यात ऊब.

माणसाचे वागणेही हवामानाच्या मागे जाते. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी रात्री शेतात जागलीला जातो, ओलिताची वीज रात्री आली तर बांधावर उभा राहतो. घरात केलेली फवारणी त्याला तिथे उपयोगाची नाही. झरी जामणी, घाटंजीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, ताप आला तर दवाखाना गाठण्यातच दिवस मोडतो. शहराची तऱ्हा निराळी. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे आटली, तेव्हा यवतमाळकरांनी मिळेल त्या भांड्यात, टाकीत पाणी साठवले. टाक्यांत वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी आणि डेंगी पसरवणारा एडिस यांना असाच साठा लागतो. तिथे पाऊस न पडणे हीच जोखीम ठरते.

हवामान मात्र नशीब नव्हे. देशातले हिवतापाचे नोंदलेले रुग्ण २०१५ मध्ये सुमारे ११ लाख ७० हजार होते, ते २०२३ मध्ये सुमारे २ लाख २७ हजारांवर आले, आणि ही वर्षे काही थंड नव्हती. औषधभारित मच्छरदाण्या, जागेवर होणारी रक्ततपासणी, आशाताईंची पायपीट यांनी ते घडवले. याची दुसरी बाजूही विसरू नये. १९६१ च्या सुमारास रुग्ण ५० हजारांवर आले होते. पुढे डीडीटीला न जुमानणारे डास आले, यंत्रणा सैलावली आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला.

म्हणून उघडिपीचा हिशेब कामाला लावावा. पाऊस थांबल्यापासून डास तयार व्हायला सुमारे दहा दिवस, परजीवी पिकायला दहा-बारा, चावल्यानंतर माणसाला ताप यायला नऊ ते चौदा. सारे मिळून साधारण पाच आठवडे. पोळ्याच्या सुमारास मोठी उघडीप पडली, तर दसऱ्याच्या आसपास तापाचे रुग्ण दिसू लागतील. तालुक्याचे पर्जन्यमान आज रोज नोंदले जाते. त्या नोंदीचा कागद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर ठेवून डबकी बुजवणे, गप्पी मासे सोडणे, फवारणी यांच्या तारखा ठरवाव्यात. तारीख आधी छापून ठेवलेली फवारणी पावसाचे ऐकत नाही.

कामाचा दुसरा मोसम उन्हाळा आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. हिवतापाचा दुसरा परजीवी, प्लाझमोडियम व्हायवॅक्स, यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो आणि पुन्हा उठतो. त्याला तिथून काढायला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरला की बरेच जण त्या सोडून देतात. एप्रिल-मे मध्ये, डास सर्वांत कमी असताना, गेल्या हंगामातल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी जाऊन त्याचे रक्त पुन्हा तपासावे, आणि व्हायवॅक्स आढळला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौदाही दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करून घ्याव्यात.