हवेचा कायदा आता भट्टीच्या दारात

व्यापार-उद्योगाच्या पानावर हवेविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. हवा हा डॉक्टरांचा किंवा फार तर शाळेतील विज्ञानाचा विषय, दुकानदाराचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचा तंदूर लाकडावर पेटतो, ज्याच्या दुकानामागे जनरेटर आहे, जो वीटभट्टी चालवतो, भंगारात तार विकत घेतो किंवा रिक्षा भाड्याने देतो, अशा प्रत्येकाच्या रोजीशी सरकारचे हवेचे कार्यक्रम आता जोडले गेले आहेत. मोठ्या कारखानदारांना ही गोष्ट फार पूर्वी कळली. छोट्या माणसाला मात्र ती नोटीस हाती पडल्यावरच कळते. आमच्या बांधवांवर ती वेळ येऊ नये, म्हणून आजवर काय झाले आणि पुढे काय होणार आहे याचा हा आढावा.

चाळीस वर्षांची वाटचाल

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले, पण हवेसाठी देशाचा स्वतंत्र कायदा १९८१ मध्ये झाला. त्यानुसार धूर सोडणाऱ्या उद्योगाला मंडळाचे संमतीपत्र घेणे बंधनकारक झाले. १९८४ पासून देशातील हवा मोजण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भोपाळची वायुगळती झाली आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. ‘पीयूसी’ची चिठ्ठी तेव्हापासून आपल्या खिशात आली.

या कामातून काहीच निष्पन्न झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाई, ते २००० साली देशभर बंद झाले. एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ इंधन आले आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर उतरले. जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरसाठीही कडक मानके लागू झाली. म्हणजे जेथे कायदा तेलशुद्धीकरण कारखान्यावर आणि गाड्या-इंजिने बनवणाऱ्या कंपनीवर लागू झाला, तेथे काम झाले. शेकडो कारखान्यांना शिस्त लावणे शक्य होते. लाखो छोट्या धुरांड्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

आपले शहर यादीत कसे आले

देशाची हवेची आजची मानके नोव्हेंबर २००९ मध्ये ठरली. हवेत तरंगणारी १० मायक्रॉनपर्यंतची धूळ वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ ४० पेक्षा अधिक नसावी, असे ही मानके सांगतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांचा बारीकपणा ध्यानात यावा. नाकातील केस आणि कफ यांना चुकवून ते थेट फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ इतकी खाली आणली आहे. आपले मानक त्या मानाने बरेच सैल आहे.

हे सैल मानकही जी शहरे सलग पाच वर्षे पाळू शकली नाहीत, त्यांची यादी केंद्रीय मंडळाने केली. जानेवारी २०१९ मध्ये ‘राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम’ जाहीर झाला, तेव्हा या यादीत महाराष्ट्राची १७ शहरे होती. मराठवाड्यातून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना आणि लातूर यांची नावे त्यात आली. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूळ २० ते ३० टक्के घटवावी, असे प्रथम ठरले. पुढे हे उद्दिष्ट २०२५-२६ पर्यंत ४० टक्के किंवा मानकाइतके असे वाढवण्यात आले. दहा लाखांवर वस्तीचे शहर म्हणून आपल्या शहराला पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतही वाटा मिळाला.

आपल्या शहराला हवेचा प्रश्न सरकारी यादीने शिकवला असे नाही. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नारेगावचा कचरा डेपो गावकऱ्यांच्या विरोधाने आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद पडला, तेव्हा रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले आणि जागोजागी पेटवलेही गेले. त्या धुरातच लोकांनी दुकाने उघडली. नंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे कचरा प्रक्रियेची केंद्रे उभी करावी लागली. जे काम वर्षानुवर्षे टाळले, ते संकट आल्यावर घाईने करावे लागते, हा त्या दिवसांचा धडा.

पैसा कोठे गेला

सरकारी आकडेवारीप्रमाणे १३० शहरांपैकी १०३ शहरांत २०१७-१८ च्या तुलनेत २०२४-२५ मध्ये १० मायक्रॉनची धूळ कमी झाली. मानकात बसणारी शहरे मात्र २२ च आहेत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये खर्चाचा हिशेब मांडला. त्यात निधीचा सुमारे ६४ टक्के भाग रस्त्यांवरील धुळीवर, म्हणजे रस्ते पक्के करणे, खड्डे बुजवणे, झाडण्याची यंत्रे आणि पाणी फवारणे यांवर गेल्याचे दिसले. लाकूड-कचरा जाळण्याचे प्रकार थांबवण्यावर सुमारे साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा टक्के खर्च झाला. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही.

रस्त्याची धूळ बसवणे वाईट नाही. पण धूळ जाडी असते आणि धूर बारीक. छातीत खोलवर जातो तो धूर. या कार्यक्रमाने यशाचे माप जाड्या धुळीवर ठेवले, म्हणून पैसाही तेथेच गेला. आता अभ्यासक आग्रहाने सांगत आहेत की पुढच्या टप्प्यात अडीच मायक्रॉनचे कण मोजा आणि इंधनाकडे वळा. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर झाडूचा टप्पा संपत आला, भट्टीचा टप्पा सुरू होत आहे. ज्यांच्याकडे या कार्यक्रमाने आजवर फारसा पैसा वळवला नाही, त्यांच्याकडे आता नियम येतील.

मुंबई आणि फिरोजाबाद

नियम आले की काय होते, याची दोन उदाहरणे आपल्यासमोर आहेत. दोन्ही ठिकाणी पोळलेले आणि तरलेले कारागीर बव्हंशी आपलेच आहेत.

मुंबईच्या हवेविषयी उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश दिला. लाकूड किंवा कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळावे, असे त्यात म्हटले. यंत्रणेने आधी एक वर्षाची मुदत दिली होती, ती निम्मी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची पाव भट्टी, भाड्याची जागा, गॅस वाहिनीची वाट, नव्या ओव्हनचा खर्च आणि हाताशी सहा महिने! न्यायालयाचा हेतू चांगलाच होता. शेजारच्या चाळीतील मुलाच्या छातीचाही हक्क असतो. पण एवढ्या वर्षांत कोणी बेकरीवाल्यापर्यंत इंधन आणि कर्ज घेऊन गेले असते, तर सहा महिन्यांची तलवार लटकली नसती.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातील फिरोजाबादचे, काचेच्या बांगड्यांच्या गावाचे. ताजमहालाचा संगमरवर धुराने काळवंडतो, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. ताजच्या परिसरातील उद्योगांनी दगडी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, अन्यथा तेथून निघावे, असा तो निकाल होता. फिरोजाबादच्या काच भट्ट्याही याच फेऱ्यात आल्या. फरक एवढाच की तेथे आदेशाबरोबर गेलची वायुवाहिनीही आली. सुरुवातीला लोकांनी जुन्याच कोळशाच्या भट्टीत गॅस सोडला आणि गॅस वाया जाऊ लागला. मग दिल्लीच्या टेरी या संस्थेने स्वित्झर्लंडच्या मदतीने, बाहेर जाणारी उष्णता पुन्हा वापरणारी नवी भट्टी तयार केली. एकाने लावली, तिची बचत पाहून बाकीच्यांनी लावली. धंदा टिकला. घराघरांतील बांगड्या भाजणाऱ्या छोट्या भट्ट्यांसाठी मात्र निराळी गॅस भट्टी नंतर बनवावी लागली. तेथेही सर्वांत छोट्या माणसाची पाळी शेवटीच आली.

दोन्ही उदाहरणांचा अर्थ एकच. नुसत्या आदेशाने कारागीर बुडतो. आदेशाबरोबर इंधन, भट्टी आणि भांडवल आले तर तो तरतो.

आपल्या शहराचा हिशेब

शहागंज, सिटी चौक, बुढी लाईन या भागांत पहाटे नानचे तंदूर पेटतात. नान-खलिया ही या शहराची ओळख आहे आणि कित्येक घरांची चूल तिच्यावर चालते. शहरासाठी गॅस वाहिनीच्या कामाची पायाभरणी २०२२ मध्ये झाली, ते काम भारत पेट्रोलियमकडे आहे. रुंद रस्त्यांच्या वसाहतींत नळी टाकणे सोपे आणि जुन्या शहराच्या गल्लीबोळांत कठीण, हे आम्हांला समजते. पण धूर आणि भट्ट्या गल्लीबोळांतच आहेत. सबब हवेच्या कार्यक्रमाचा पैसा खरोखर हवेसाठी वापरायचा असेल, तर जुन्या शहरातील तंदूर-बेकऱ्यांना गॅसची जोडणी आधी मिळाली पाहिजे. ही मागणी व्यापारी संघटनांनी महापालिकेकडे लेखी करावी.

वीटभट्टीवाल्यांसाठी तर घड्याळ केव्हाच सुरू झाले आहे. केंद्राच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या पद्धतीच्या भट्ट्या ‘झिगझॅग’ किंवा उभ्या शाफ्टच्या पद्धतीत बदलण्यास सांगितले. इतरत्र दोन वर्षांची मुदत होती. यादीतील शहरापासून १० किलोमीटरच्या आत फक्त एक वर्षाची. शहर यादीत आले की मुदत निम्मी होते, हे येथे स्पष्ट दिसते. झिगझॅग भट्टीत गरम हवा नागमोडी फिरते, त्यामुळे कोळसा कमी लागतो आणि वीट एकसारखी भाजते. म्हणजे हा बदल केवळ भुर्दंड नाही.

रिक्षाच्या धंद्यात आपण नशीबवान आहोत. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, आणि सीएनजी व विजेवरील तीनचाकीही आता बाजारात आहेत. जुनी डिझेल गाडी बदलण्याचा विचार करणाऱ्याने विकत घेण्याच्या किमतीबरोबर रोजच्या इंधनाचाही हिशेब मांडावा.

भंगारवाल्यांना एक स्पष्ट शब्द सांगणे भाग आहे. तार जाळून तांबे काढण्याने दोन तासांची मजुरी वाचते, पण प्लॅस्टिकच्या त्या धुरात सर्वांत आधी काम करणारा मुलगाच उभा असतो. तार सोलण्याचे छोटे यंत्र चार जणांनी मिळून घेता येते, आणि न जळालेल्या तांब्याला भावही चांगला मिळतो.

आजच करण्याची कामे

पहिले काम हिशेबाचे. एक किलो एलपीजीत सुमारे ११ हजार किलोकॅलरी उष्णता असते, सुक्या लाकडात साडेतीन ते चार हजार. म्हणजे १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरात साधारण ५२ ते ६० किलो लाकडाइतकी उष्णता भरलेली असते. उघड्या भट्टीत लाकडाची बरीच उष्णता वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून अधिक पडतो. आठवडाभर रोज किती लाकूड जळाले आणि किती माल निघाला, ते वहीत लिहावे. बदल परवडतो की नाही हे ती वहीच सांगेल.

दुसरे काम कागदांचे. मंडळ उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा आदी वर्ग करते. पांढऱ्या वर्गाला संमतीपत्र लागत नाही, नुसते कळवावे लागते. बेकरीचा वर्ग तिच्या उत्पादनावर आणि इंधनावर ठरतो, म्हणजे इंधन बदलल्याने कागदांचा बोजाही हलका होऊ शकतो. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातील अनेक शिक्षांत तुरुंगाऐवजी दंड आला. तो १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जाऊ शकतो. छोट्या दुकानाला तो तुरुंगाहून हलका आहे, असे समजू नये.

तिसरे काम भांडवलाचे. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती नसेल तर करून घ्यावी. लोहार, सुतार, कुंभार, सोनार आदी १८ धंद्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने आहे. नानबाई व बेकरीवाले त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेली सूक्ष्म खाद्य उद्योगांची केंद्रीय योजना होती, तीत ३५ टक्के आणि कमाल १० लाखांचे अनुदान ठरले होते. तिची मुदत व अटी कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात. जिल्हा उद्योग केंद्र आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ यांची दारेही ठोठवावीत. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी चार-पाच भट्टीवाल्यांची भिशी किंवा भागीदारी करून एक चांगला ओव्हन घेण्याचा विचार करावा.

वाटेतील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हेही आपल्याकडे नेकीचे काम मानले गेले आहे. शेजाऱ्याच्या खिडकीत जाणारा धूर ही तशीच वस्तू आहे. सरकारकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते ठणकावून मागावे. इंधन द्या, मुदत द्या, मग नियम लावा. पण मागणी घेऊन जाणाऱ्याच्या हातात आपल्या भट्टीचा हिशेब, नोंदणीचा कागद आणि बदलाची योजना असेल, तर त्याचे ऐकले जाते. नोटीस येण्यापूर्वी ही तयारी करून ठेवावी, इतकेच आमचे सांगणे.