प्रश्नपत्रिकेची भाषा आणि सोलापूरचे विद्यार्थी

विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, अक्कलकोटकडील कन्नड, उर्दू आणि मराठी अशा अनेक भाषा नांदणाऱ्या सोलापुरात प्रमाणित चाचणी, म्हणजे सर्वांना सारखे प्रश्न व सारखे निकष लावणारी परीक्षा, दिसते तितकी समान नसते. घरी तेलुगू बोलणारे मूल मराठी शाळेत गणिताचे शाब्दिक उदाहरण सोडवते, तेव्हा तपासले जाते ते गणित की मराठी, हे गुणांवरून सांगता येत नाही.

समान परीक्षेचा असाच प्रश्न अपंग विद्यार्थ्यांपुढेही असतो, पण भाषेच्या तुलनेत अपंगत्वाबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली असून, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (उत्तरे लिहून देणारा साहाय्यक) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद केली आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ताशी किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास, वाढवून देण्यास सांगितले होते. घरची भाषा वेगळी असणाऱ्यांसाठी अशी तरतूद या अधिनियमात नाही. अर्थात तो त्याचा विषयही नव्हे. खरी गुंतागुंत दोन्ही प्रश्न एकत्र येतात तेथे आहे, कारण वाचनात मागे पडणाऱ्या तेलुगूभाषक मुलाची केवळ मराठीतून चाचणी घेतल्यास, अपरिचित भाषेची अडचण अध्ययन-अक्षमता ठरू शकते किंवा खरी अक्षमता भाषेच्या आड झाकली जाते.