एका लग्नाचे दोन दस्त

डहाणू-तलासरीच्या पाड्यावर वारली घरात लग्न निघालं की कुडाची भिंत शेणामातीने सारवतात, तिला गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्याने सुवासिनी तिच्यावर चौक काढतात. चौकात पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या, भोवती झाडं आणि नाचणारी माणसं. धवलेरी ही पुरोहित स्त्री गाणी म्हणत लग्न लावते. जुन्या मराठीत चित्र ‘लिहिणे’ असा प्रयोग होता, आणि चौकाला तो नेमका लागू पडतो. कोणाच्या साक्षीने हे लग्न लागलं, ते त्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पुढे पाऊस येतो, भिंत पुन्हा सारवली जाते आणि दस्त पुसला जातो.

त्याच लग्नाचा दुसरा दस्त जमीनदाराच्या घरी तयार व्हायचा. लग्नाच्या खर्चासाठी वारल्याने शे-दोनशे रुपये उचलले की तो त्या घरचा ‘लग्नगडी’ होई. कधी खतावर अंगठा, कधी वहीत एक ओळ, कधी नुसता मालकाचा शब्द. कर्ज फिटेपर्यंत नवराबायकोने मालकाकडे राबायचं, आणि कर्ज किती उरलं हे मालकच सांगणार. म्हणून ते फिटत नसे. बाप थकला की मुलगा त्याच ओळीखाली येई. हा दस्त पावसाने पुसला जाण्याची सोय नव्हती.

वारल्यांचा इतिहास लिहायला बसलं की पंचाईत होते ती इथे. त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं भिंतीवरून गेलं. दुसऱ्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलेलं तेवढं दप्तरात राहिलं.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. त्याची सुरुवात १८२१ सालची. महसूल, गृह, जंगल अशा खात्यांप्रमाणे सरकारी कागद लागतात, आणि पाड्यावरचा माणूस त्यांत खात्याच्या दारातूनच आत येतो. सारा थकला तर महसुलात, लाकूड तोडलं तर जंगलात, पकडला गेला तर गृहखात्यात. जो कुणाच्या अध्यातमध्यात न येता शेत करून, तारपा वाजवून म्हातारा झाला, त्याचा कागदच होत नाही.

तरीही सरकारी कागद नेहमी सरकारची बाजू घेतो असं नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड सायमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींची पाहणी केली. जमीनदार बोलावेल तेव्हा कुळाला कामावर जावं लागतं आणि नाही म्हटलं तर मार पडतो, हे त्याने अहवालात स्वच्छ नोंदवलं. म्हणजे वेठ आहे हे इंग्रज सरकारच्या कागदावर लेखी आलं होतं. कागदावर आल्याने ती थांबली मात्र नाही.

ती थांबवली ज्यांच्याबद्दल लिहिलं जात होतं त्यांनीच. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि आणखी काही वारली तिथे पोचले आणि आपली हकिगत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. किसान सभेच्या गोदावरी (गोदूताई) आणि शामराव परुळेकर त्यांच्यामागोमाग जंगलपट्टीत आले. २३ मे रोजी झरी गावात पाच हजार आदिवासी जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. १९६०मध्ये राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि झरी महाराष्ट्राच्या तलासरी तालुक्यात राहिलं. त्या सभेत ठरलं की वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही. मग लग्नगड्यांची सुटका सुरू झाली. लाल बावटा घेऊन गावोगाव माणसं गेली आणि मालकाच्या घरून गडी आपल्या घरी परतले.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी गोदूताई येणार असा निरोप फिरला आणि तलवाड्याला हजारो आदिवासी गोळा झाले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. सरकारी भाषेत तो जमाव होता. तलासरीच्या भाषेत ते हुतात्मे आहेत, आणि दरवर्षी १० ऑक्टोबरला त्यांची आठवण तिथे जागवली जाते. कागदापेक्षा माणसांनी ही नोंद अधिक नेटाने सांभाळली आहे.

गोदूताई पुण्याच्या, जन्म १९०७चा, कायद्याच्या पदवीधर. वकिलाच्या शिक्षणाने कागदाची ताकद त्यांना शिकवली आणि वारल्यांच्या पाड्यांनी त्याची मर्यादा. १९७० साली त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झालं, १९७२मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दप्तरात जे वारली ‘कुळ’ किंवा ‘आरोपी’ म्हणून येतात, ते या पुस्तकात नावाने येतात, घाबरतात, चिडतात, हसतात. शामराव १९५७मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी स्थानबद्धतेत वारले. गोदूताई १९९६पर्यंत होत्या.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पी. सी. जोशींच्या नावाचा संग्रह आहे. वारल्यांच्या या उठावाच्या वेळी जोशी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. चळवळीचे कागद तिथे जपले आहेत आणि ते जपले गेले याचं मला समाधान आहे. पण तिथेही पत्रं असतात लिहिणाऱ्यांची, ठराव असतात मांडणाऱ्यांचे. वारली बायका त्या लढ्यात कशा उतरल्या, हे समाजशास्त्रज्ञ इंद्रा मुन्शी सलढाणा यांनी १९८६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडलं. तेव्हा लढ्याला चाळीसेक वर्षं झाली होती. तेवढ्या काळात किती आज्या न बोलता गेल्या असतील, या विचाराने जीव हळहळतो.

कागद पाड्यावर एकदा वेगळ्या रूपातही आला. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली चित्रांच्या शोधात डहाणू तालुक्यात आले आणि जिव्या सोमा मशे या वारली चित्रकाराच्या हाती कागद पडला. बायकांनी लग्नापुरती लिहायची आणि पावसाने न्यायची, अशी ही रेषा पहिल्यांदाच टिकू लागली, जगभर गेली. मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. ज्या कागदावर पूर्वी वारल्याचा फक्त अंगठा उमटे, त्यावर आता त्याचा हात चालला.

आज पाड्यावर कागदाचा विषय निघतो तो वनहक्क दाव्याच्या निमित्ताने. २००६च्या कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्याला हक्क मागता येतो, पण १३ डिसेंबर २००५पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. ज्यांना कुणी कागद दिलाच नाही त्यांनी पुरावा आणायचा कुठून? या कायद्याच्या नियमांनी एक मोठी गोष्ट केली आहे. घर, बांध, विहीर, स्मशान, देवाची जागा हे सगळं पुरावा म्हणून चालतं, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याने सांगितलेली, लिहून घेतलेली हकिगतही चालते. दावे रखडतात, फेटाळले जातात. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनहक्क होताच. तरी म्हाताऱ्या माणसाची आठवण दस्त ठरते, हे तत्त्व कायद्यात आलं आहे. सावकाराच्या वहीपुढे ज्याचा शब्द टिकत नव्हता, त्याच्या नातवासाठी त्याच्याच पिढीचा शब्द आता पुराव्याला लागतो.

तलासरीत गोदावरी शामराव परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे. याच पट्टीतली मुलं तिथे शिकतात. मला वाटतं, वारल्यांच्या कागदांचं खरं घर तिथे असायला हवं. एक खोली, दोन कपाटं, आवाज टिपायचं एक यंत्र, आणि आपल्या आजीची भाषा समजणारे विद्यार्थी, एवढ्यावर ते उभं राहील. पहिल्या फाइलीत एका आजीचं लग्न असावं. चौक कोणी लिहिला, धवलेरी कोण होती, पालघट देवीभोवती काय काय काढलं होतं. आणि त्याच पानावर, खर्चाला पैसे कोणाकडून आणले आणि ते किती वर्षं फेडले. एका लग्नाचे दोन्ही दस्त तिथे पहिल्यांदा एकत्र येतील, आणि दोन्ही तिच्याच शब्दांत असतील.