कोंबडी चालेल, कोंबडा नको!

घरामागे चार हात मोकळी जागा असली की कुणाला ताज्या अंड्यांची हौस येते, कुणाला घरच्या मधाची. मग शहर म्हणतं, पाळा, पण नियमानं! जगभरातले हे नियम वाचताना मजा येते आणि एक गोष्ट ठळक दिसते. ज्या नियमामागे त्या जिवाची खरी ओळख असते, तो ना पाळणाऱ्याला जाचतो, ना शेजाऱ्याला.

नाश्ताही शाबूत, झोपही शाबूत
न्यूयॉर्क शहरात घरी कोंबड्या पाळता येतात, कोंबडा मात्र पाळता येत नाही. बदक आणि टर्कीलाही मनाई. मग अंड्यांचं काय? कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.

पहिली बांग मानकऱ्याची
खुराड्यात अंधार केला की कोंबडा गप्प बसेल, या भरवशावर राहू नका. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की, सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळानुसार आरवतात. पुढे २०१५ मध्ये कळलं की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत आधी आरवण्याचा मान सर्वांत वरचढ कोंबड्याचा. बाकीचे त्याच्यामागून, आपापल्या पायरीप्रमाणे.

मोरीस जिंकला
फ्रान्सच्या ओलेरों बेटावर सुट्टीसाठी घर घेतलेल्या शेजाऱ्यांना मोरीस नावाच्या कोंबड्याची पहाटेची बांग सोसेना. प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल मोरीसच्या बाजूनं लागला आणि तक्रारदारांनाच मालकिणीला एक हजार युरो द्यावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये तर फ्रान्सनं ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा देशाचा वारसा मानणारा कायदाच केला.

सहा फुटांची करामत
अमेरिकेतल्या सिएटल शहरानं २०१० साली घरामागच्या कोंबड्यांची मर्यादा आठवर नेली. मधपेट्यांचा नियम त्याहून हुशार आहे. दहा हजार चौरस फुटांपेक्षा, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांपेक्षा लहान जागेत चारच पेट्या. त्या हद्दीपासून २५ फूट आत ठेवायच्या. तेवढी जागा नसेल तर पेटी आठ फूट उंचावर ठेवा, नाहीतर सहा फुटांचं भरीव कुंपण किंवा दाट झाडोरा हवा. समोर आडोसा आला की मधमाशी उंच उठते आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जाते. शेजारच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांना तिचा पत्ताही लागत नाही.

आधी पाण्याची सोय
बऱ्याच शहरांत पेटीजवळ कायम पाणी ठेवणं सक्तीचं असतं. मधमाश्यांना पिण्यासाठी आणि उन्हाळ्यात पोळं थंड राखण्यासाठी पाणी लागतं. ते घरी मिळालं नाही, तर त्या शेजाऱ्याच्या पोहण्याच्या तलावावर जमतात.

मधमाशी हिंस्र प्राण्यांच्या यादीत!
न्यूयॉर्कनं १९९९ साली पाळायला मनाई असलेल्या धोकादायक प्राण्यांत मधमाशीलाही बसवलं. २००९ मध्ये व्हाइट हाउसच्या बागेत मधपेटी आली, तेव्हाही न्यूयॉर्कमध्ये ती बेकायदाच होती. मार्च २०१० मध्ये बंदी उठली. आता तिथे आपल्या सातेरी मधमाशीची युरोपीय बहीण एपिस मेलिफेरा पाळता येते, मात्र आरोग्य खात्याकडे नोंद हवी.

सोलोनचे तीनशे फूट
मधमाश्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न आजचा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन यानं नियम घातला होता की, दुसऱ्याच्या पोळ्यांपासून तीनशे फूट सोडूनच आपली पोळी ठेवायची. प्राचीन चरित्रकार प्लुटार्कनं त्याची नोंद केली आहे.

पळालेला थवा कुणाचा?
जर्मनीत १९०० साली लागू झालेल्या नागरी संहितेत याचं उत्तर लिहिलेलं आहे. थवा उडाला आणि मालकानं लगेच पाठलाग केला नाही, तर थवा बेवारस. पाठलाग करताना मात्र मालकाला दुसऱ्याच्या जमिनीतही शिरता येतं. पाठलाग होत असलेले दोन थवे एकत्र मिसळले, तर दोघे मालक त्याचे भागीदार!

करार काहीही म्हणो
ब्रिटनमध्ये भाजीपाल्यासाठी भाड्यानं मिळणाऱ्या वाफ्यांवर कोंबड्या आणि ससे पाळण्याचा हक्क १९५० च्या कायद्यानं दिला. भाडेकरारात बंदी असली तरी हा हक्क टिकतो. अटी मात्र आहेत: कोंबडा नको, धंदा नको, कुणाला उपद्रव नको. आता बर्ड फ्लूमुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरी एकच कोंबडी असली तरी तिची नोंद बंधनकारक आहे. साथ आली तर मालकाला लगेच कळवता यावं, हा त्यामागचा हेतू.

कचऱ्यावर कोंबडीचा उतारा
फ्रान्समधल्या कोलमार भागानं २०१५ पासून इच्छुक घरांना दोन-दोन कोंबड्या द्यायला सुरुवात केली. उरलंसुरलं अन्न त्यांच्या पोटात जातं आणि ओला कचरा घटतो.

लाड करा, मुका घेऊ नका
अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी लोकांना कळकळीनं सांगते की कोंबड्यांचे मुके घेऊ नका. दिसायला ठणठणीत असलेल्या कोंबडीकडूनही साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. हाताळून झाल्यावर साबणानं हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच.

तुम्हालाही हौस आहे? मग आधी स्थानिक नियम विचारा, नंतर शेजाऱ्यांना. मधमाश्या पाळायच्या असतील तर पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत रीतसर शिकता येतं. तिथे चौकशी करा आणि पेटी त्यानंतरच घ्या.