लेखांक ५ : हेबेईच्या खेड्यातला सोलापूरकर

मागच्या लेखात आपण जुन्या कँटनपर्यंत गेलो होतो आणि मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा तिथला मुक्काम पाहिला होता. त्या व्यापाराची एक खूण पश्चिम उपनगरांतून रस्त्याने शहरात जाणारे लोक आजही ओलांडतात. ती म्हणजे १८४५ मध्ये खुला झालेला माहीमचा कॉजवे. त्यासाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी. घराण्याची संपत्ती उभी राहिली होती ती चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारावर. स्वतः जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. पण या मंडळींना तिथे दिसलं ते किती? १७५७ ते १८४२ या काळात परदेशी व्यापाऱ्याला कँटनच्या तटाबाहेर, नदीकाठच्या वखारींच्या पट्ट्यातच राहावं लागे. बायको सोबत आणायची नाही. हंगाम संपला की मकाऊ गाठायचं. परदेश्याला चिनी शिकवणाऱ्या चिनी माणसाला तर शिक्षा ठरलेली. वर्षानुवर्षं ये-जा करूनही हे लोक चीनच्या उंबऱ्यावरच राहिले.

तो लेख वाचून मुलुंडच्या एका वाचकाने विचारलं, ‘उंबरा ओलांडून घरात शिरलेला आपला कुणी मराठी माणूस नाही का?’ आहे ना. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र त्याने पाहिलेला चीन फारसा कुणाला ठाऊक नाही.

पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस म्हटलं की आपल्याला आठवतो तो व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट, ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो बेतला होता. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, तर त्यांच्या चिनी पत्नीची जयश्रीबाईंनी. मूळ हकिगत चित्रपटाने बरीचशी सांभाळली, पण नायकाला शोभेल असा एक पराक्रमही जोडून दिला. पडद्यावरचे कोटणीस प्लेगची लागण स्वतःवर ओढवून घेतात आणि त्यावर इलाज शोधतात. प्रत्यक्षातलं त्यांचं मोठं काम इतकं नाट्यमय नव्हतं. ते होतं शिकवण्याचं, आणि तेही चिनी भाषेतून.

सुरुवातीपासून पाहू. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी फौजांनी नानकिंग घेतलं. त्याच्या काही आठवडे आधी चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांच्या आवाहनावरून देशभर ‘चीन दिन’ पाळले गेले, सुमारे २२,००० रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांत दोघे मराठी होते, हे आपण विसरूनच गेलो आहोत. कोटणीसांचं वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात झालेलं. वय २७.

१ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ बोटीने मुंबई बंदर सोडलं. पथक कँटनला उतरलं तेव्हा स्वागताला डॉ. सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग छिंगलिंग होत्या. सव्वा महिना जातो न जातो तोच कँटन जपान्यांच्या हाती पडलं. पथक हँकाऊवरून चुंगकिंगला सरकलं. तिथे शांतिनिकेतनातल्या चीना भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. वडील गेल्याची बातमीही त्यांना चुंगकिंगमध्येच कळली. घरी परतायला इतकं सबळ कारण हाताशी असताना ते पुढे गेले.

राळे आणि कांग

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. ही माओंची राजधानी. राजधानी म्हणायची ती डोंगर कोरून काढलेल्या घरांची. उत्तर चीनच्या त्या पठारावर वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या मातीचे थरावर थर साठलेत. माती मऊ, पण उभी कापली तर कोसळत नाही. म्हणून लोक टेकडीच्या कडेत कमानदार खोल्या कोरतात. थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. येनानमध्ये दवाखाना, शाळा, पक्षाची कचेरी, सगळं अशाच खोल्यांमध्ये होतं.

आणि जेवण? चीन म्हणजे भात, ही आपली समजूत यांगत्सी नदीच्या दक्षिणेला खरी आहे. उत्तरेला रोजच्या ताटात गहू आणि भरड धान्य. येनानच्या सैनिकाचं मुख्य अन्न होतं ‘श्याव मी’, म्हणजे आपले राळे. तेच पीक, तोच पिवळा बारीक दाणा. भोगीला राळ्याचा भात करणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाच्या वाडग्यात दोन्ही वेळा राळे, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. आपल्याकडे ते गरिबाचं आणि सणापुरतं धान्य, तर उत्तर चीनची सगळी जुनी संस्कृती अशा भरड धान्यांवर उभी आहे. हेबेईतल्या त्सिशान इथल्या उत्खननात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची धान्याची पेवं सापडली आहेत. कोटणीस ज्या प्रांतात पुढे राहिले, जगले आणि गेले, तो हाच.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. नंतर प्रकृतीमुळे अटलही गेले. बसूंनी येनानमध्ये काम केलं आणि १९४३ मध्ये ते भारतात आले. कोटणीस मात्र आघाडीच्या दिशेने, जपानी फौजांच्या पिछाडीला वसलेल्या जिन-छा-जी या मुक्त प्रदेशात गेले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून तिथेच खेड्यातल्या देवळांत शस्त्रक्रिया करत आणि बोटाला झालेली जखम चिघळून १२ नोव्हेंबर १९३९ ला वारले होते. त्यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

रुग्णालय म्हटल्यावर इमारत डोळ्यांपुढे आणू नका. जपान्यांचं धोरण ‘सगळं जाळा, सगळ्यांना मारा, सगळं लुटा’ असं. त्यामुळे रुग्णालय खेडोपाडी शेतकऱ्यांच्या घरांत विखुरलेलं. शत्रू आला की रुग्णांसह हलायचं. म्हणजे डॉक्टरची फेरी घराघरांतून व्हायची, आणि इथेच कोटणीसांना जे दिसलं ते कुठल्या पाहुण्याला दिसत नाही.

हेबेईच्या खेड्यातलं घर ‘कांग’भोवती फिरतं. कांग म्हणजे खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचा विटांचा रुंद ओटा. शेजारच्या चुलीचा धूर त्याच्या पोटातल्या नळ्यांमधून फिरून धुराड्याने बाहेर पडतो, आणि स्वयंपाकाची ऊब रात्रभर अंथरुणाखाली राहते. घरातली सगळी माणसं तिथेच जेवतात, तिथेच शिवणटिपण करतात आणि तिथेच झोपतात. चुलीजवळचं टोक सगळ्यांत उबदार, म्हणून ते वडीलधाऱ्याचं किंवा पाहुण्याचं. कोण कुठे बसलं आहे, यावरून घरातली उतरंड कळते. अशाच घरांत सैनिक ठेवायचे, त्यांच्या जखमा बांधायच्या, घरच्या म्हातारीला समजेल असं बोलायचं, तर दुभाष्या पुरा पडत नाही.

म्हणून कोटणीस चिनी शिकले, तेही नुसतं बोलण्यापुरतं नव्हे. ते दुभाष्याशिवाय वर्ग घेऊ लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचं पाठ्यपुस्तक चिनीत लिहायला बसले. जपान्यांविरुद्धच्या १९४० च्या ‘शंभर रेजिमेंटांच्या’ मोहिमेत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, अशी नोंद सगळे चरित्रकार देतात. माझ्या लेखी त्याहून मोठं आहे ते पाठ्यपुस्तक. जखमी बरा होऊन जातो. शिकवलेला विद्यार्थी पुढच्या पिढीला शिकवतो. कँटनच्या वखारीत ज्या गोष्टीला बंदी होती, तीच गोष्ट शंभर वर्षांनी या सोलापूरच्या माणसाने उलट दिशेने केली. त्याने चिनी मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवलं.

शाळेतच त्यांची ओळख परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी झाली. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगझन यांनी सुचवलेलं नाव ठेवलं : यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. कोटणीसांना अपस्माराचे झटके तोवर सुरू झाले होते. उपचारांसाठी पिछाडीला जाण्याचा सल्ला कोटणीसांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय ३२, मूल साडेतीन महिन्यांचं.

जे दिसलं नाही ते

आता लेखमालेच्या मुख्य प्रश्नाकडे. दीर्घकाळ राहिलेल्या परक्या माणसाची साक्ष प्रवाशाच्या साक्षीपेक्षा भरवशाची, हे आपण धरून चाललो आहोत. पण राहणारासुद्धा चीनमध्ये राहत नाही. तो एका गावात, एका काळात, एका बाजूला राहतो. कोटणीसांची बाजू ठरलेली होती. जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. त्यांना दिसली ती परकीय आक्रमणाशी लढणारी, शेतकऱ्यांच्या घरात राहणारी, अर्धपोटी सेना. हे चित्र खोटं नव्हतं. पण त्याच १९४२ मध्ये येनानमध्ये पक्षाची ‘शुद्धीकरण’ मोहीम चालू झाली होती. वांग शिवेई या लेखकाने नेत्यांना मिळणाऱ्या जास्तीच्या सवलतींवर बोट ठेवलं. त्याला आधी झोडपलं, मग कैदेत टाकलं आणि १९४७ मध्ये ठार केलं. कांगच्या उबेतून दिसणारा चीन आणि हा चीन एकच होता.

म्हणून साक्षीदाराचं प्रेम नजरेआड करू नये आणि त्याच्या प्रेमालाच पुरावा समजू नये. कोटणीस वाचायचे ते चीनचं राजकारण कळावं म्हणून नव्हे. युद्धातलं खेडं कसं तग धरतं, आजारी माणसाला घरात जागा कशी होते, हे कळावं म्हणून वाचायचे.

चिनी लोकांनी त्यांना त्याच अंगाने लक्षात ठेवलं आहे. तिथे एप्रिलच्या सुरुवातीला ‘छिंगमिंग’ येतो. आपल्या पितृपक्षासारखा हा पूर्वजांचा सण, पण घरी पान वाढण्याऐवजी थडग्यावर जायचं, ते झाडायचं, फुलं वाहायची. ज्याला गावात नातलग नाही त्याचं थडगं ओस पडतं. हेबेईतल्या शिजियाच्वांगच्या हुतात्मा उद्यानात बेथ्यून आणि कोटणीस या दोन परक्यांच्या थडग्यांवर छिंगमिंगला फुलं असतात. पूर्वजांच्या रांगेत जागा मिळणं, याहून मोठं नागरिकत्व त्या संस्कृतीत नाही.

राजकारणानेही हे नाव वापरलंच. २००६ मध्ये हू जिंताव आणि २०१३ मध्ये ली खच्यांग मुंबईत आले तेव्हा दोघांनीही कोटणीसांच्या नातलगांची भेट घेतली. सीमेवर काहीही चाललेलं असो, ही भेट ठरलेली असे. यिनहुआ मात्र १९६७ मध्ये, डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर, वैद्यकीय हलगर्जीमुळे गेला. ग्वो छिंगलान २०१२ पर्यंत होत्या. भारतात त्या अनेकदा येऊन गेल्या. २०१२ मध्येच सोलापुरात भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर स्मारक म्हणून खुलं झालं.

पुढच्या लेखात खेडं सोडून शहरात जाऊ. वसंत परांजपे १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले, सत्ता बदलताना त्यांनी तिथेच पाहिली आणि १९५४ मध्ये नेहरूंच्या चीन दौऱ्यात दुभाष्याचं काम केलं. विजय गोखले १९८९ मध्ये बीजिंगच्या भारतीय वकिलातीत होते आणि तिआनानमन चौकातल्या घडामोडींवर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. दोघेही चिनी उत्तम जाणणारे, दोघेही सरकारी नोकर. वकिलातीतून दिसणारा चीन कोटणीसांच्या चीनशी कुठे जुळतो आणि कुठे नाही, ते तपासायचं आहे.