मूळ टेपपासून कानापर्यंत

'लेड झेपलिन टू' हा अल्बम ऑक्टोबर 1969 मध्ये आला. त्याची तबकडी कोरण्याचं काम न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये बॉब लडविग या तरुण अभियंत्याकडे होतं. जॉन बॉनमचा ढोल आणि जॉन पॉल जोन्सचा बेस टेपवर जितका दांडगा होता, तितकाच त्याने हात न आखडता खाचेत उतरवला. पुढची हकिकत लडविगनेच मुलाखतींमधून सांगितली आहे. रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख अहमेट एर्टेगन यांच्या मुलीच्या साध्या रेकॉर्ड प्लेअरवर सुई टिकेना, उड्या मारू लागली. कंपनीने ती कोरणी बाजूला ठेवली आणि आवाज दाबून, बेस कमी करून नवी तबकडी काढली. पहिल्या खेपेतल्या ज्या प्रती तोवर बाजारात गेल्या होत्या, त्यांच्या लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर 'आरएल' ही अक्षरं खरवडलेली असतात. ती दिसली की संग्राहक आजही शेकडो डॉलर मोजतात.

टेप एकच, गाणी तीच, वादन तेच. तरीही दोन तबकड्या दोन वेगळे अल्बम वाटाव्यात इतका फरक. जुन्या रॉक अल्बमच्या नव्या आवृत्त्यांबद्दल बोलताना मला नेहमी ही गोष्ट आठवते, कारण 'रिमास्टर्ड' हा शिक्का वेष्टनावर दिसला की आपण पुष्कळ गोष्टी गृहीत धरतो. शिक्का सांगतो इतकंच, की कुणीतरी ते ध्वनिमुद्रण पुन्हा हाताळलं. कोणती टेप घेतली, कुणी घेतली, तिच्यावर काय केलं आणि कशासाठी केलं, हे सगळं त्याच्या मागे दडलेलं असतं.

स्टुडिओत आधी गायन, गिटार, ढोल वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदले जातात. मग त्यांचं मिश्रण करून दोन वाहिन्यांची, म्हणजे स्टीरिओ, टेप तयार होते. ती मास्टर टेप. तिच्यावरून तबकडी, सीडी किंवा फाइल काढताना शेवटचा हात फिरवायचा ते मास्टरिंग. रिमास्टरमध्ये हा शेवटचा टप्पा नव्याने होतो, मिश्रणाला कुणी हात लावत नाही. रिमिक्समध्ये मात्र अभियंता थेट सुट्या पट्ट्यांपर्यंत मागे जातो आणि कोणतं वाद्य कुठे, किती, हे पुन्हा ठरवतो. दोन्हींना एकाच मापाने तोलणं अन्यायाचं आहे. रिमास्टरला विचारायचं, मूळ मिश्रणाशी इमान राखलं का. रिमिक्सला विचारायचं, या नव्या निवडीने गाणं खुललं का.

सीडी 1982 च्या ऑक्टोबरमध्ये जपानात पहिल्यांदा विक्रीला आली. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, हळू आणि मोठ्या आवाजातलं शक्य अंतर सुमारे 96 डेसिबल. तबकडीला इतकं अंतर कधीच झेपलं नव्हतं. पण कंपन्यांना आपला सगळा जुना साठा घाईने या नव्या माध्यमावर आणायचा होता, आणि अनेकदा हाताशी सापडेल ती टेप वापरली गेली. ती बऱ्याचदा मूळ मास्टर नसायचीच. तबकडी कोरणाऱ्यांसाठी काढलेली दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची नक्कल असायची, खाचेच्या मर्यादा सांभाळून बेस आवळलेली. प्रत्येक नकलेबरोबर टेपची सळसळ वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. सीडीचा नाद पातळ आणि कोरडा असतो ही समजूत रुजली त्यात अशा घाईच्या कामाचा मोठा वाटा आहे.

ही सरसकट कथा नाही. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (1985) मॉन्टसेराट बेटावर डिजिटल यंत्रावरच मुद्रित झाला आणि दहा लाखांच्या वर खपलेली पहिली सीडी ठरला. एलपीवर तर त्यातली काही गाणी जागेअभावी छाटावी लागली होती. या अल्बमसाठी 1985 ची ती साधी सीडी हाच मूळ ग्रंथ आहे, आणि मी अजूनही तीच लावतो.

नव्वदीच्या दशकात मूळ टेपांचा शोध गांभीर्याने सुरू झाला. तंत्रही सुधारलं होतं. नेमकी त्याच काळात एक वाईट सवय लागली. मानवी कान मोठ्या आवाजाकडे झुकतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं, की आवाज वाढला की खालचे आणि वरचे स्वर कानाला जास्त भरून ऐकू येतात. म्हणजे एकच गाणं नुसतं किंचित मोठं वाजवलं, तरी ऐकणाऱ्याला ते अधिक भरदार आणि स्पष्ट वाटतं. डिजिटल माध्यमाला वरची एक पक्की मर्यादा असते, तिच्या पलीकडे आवाज जाऊच शकत नाही. मग मोठा आवाज आणायचा कसा? लिमिटर लावून शिखरं कापायची आणि उरलेलं सगळं वर ढकलायचं. प्रत्येक नवी आवृत्ती जुनीपेक्षा मोठी वाजू लागली, आणि दुकानात दोन्ही पाठोपाठ लावल्या तर नवीच सरस वाटू लागली.

याची किंमत कोण मोजतं? सगळ्यात आधी ढोल. स्नेअरवर काठी पडते तो पहिला क्षण म्हणजेच ते शिखर. ते कापलं की ठोका बसतो, पण आदळत नाही. ख्याल ऐकणाऱ्याला हे लगेच पटेल: विलंबितातला मंद्राचा हलका स्वर आणि द्रुतातली तान सारख्याच जोराने कानावर आली, तर रागाचा चढ उरेल कुठे? रॉकही हळू आणि मोठ्या यांच्या अंतरावरच उभा असतो. इगी अँड द स्टूजेसचा 'रॉ पॉवर' (1973) मुळात बहुतांशी डेव्हिड बोवीने मिश्रित केला होता. त्याच्यावर पातळपणाचा आरोप होत आला, म्हणून 1997 मध्ये इगी पॉपने स्वतः रिमिक्स केला. आजवरच्या सर्वांत कर्कश आणि दाबलेल्या सीडींमध्ये त्याची गणना होते. इगीचा राग मला समजतो, पण तो रिमिक्स सलग ऐकताना कान थकतात. बोवीच्या मिश्रणात पोकळी असली, तरी त्यात श्वास आहे. कॅनडाच्या 'रश'ने 2002 चा 'व्हेपर ट्रेल्स' असाच चिरडून काढला होता. पुढे त्यांनी तो 2013 मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून नव्याने मिश्रित करवून घेतला. कलावंताने उघडपणे मागे वळून आपलं काम दुरुस्त करावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

संयमाचं सर्वांत चांगलं उदाहरण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओचं. बीटल्सचे अल्बम सीडीवर 1987 मध्ये आले होते आणि 22 वर्षं तसेच विकले गेले. नवे रिमास्टर 9 सप्टेंबर 2009 ला आले, त्यांच्यामागे चार वर्षांचं काम होतं. सळसळ पुसण्याचं तंत्र त्यांच्या हाती होतं, पण एकूण 525 मिनिटांच्या संगीतापैकी पाच मिनिटांहूनही कमी भागावर ते वापरलं गेलं. स्टीरिओ संचात लिमिटरचा हलका हात आहे, एकाच वाहिनीच्या, म्हणजे मोनो, संचात तोही नाही. साठीच्या दशकात मोनो हेच मुख्य रूप होतं. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिश्रणाला चौघे बीटल्स हजर असत, स्टीरिओ नंतर बरंच झटपट उरकलं गेलं. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये जरा जलद आणि वरच्या पट्टीत आहे. मोनो संच ऐकल्यावर बीटल्स नाजूक होते हा समज जातो, इतका त्यातला ढोल आणि बेस घट्ट आहे. एकाच संचाची शिफारस करायची तर मी याचीच करेन.

आता ऐकायचं कसं. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की पहिलं काम म्हणजे आवाज समान करणं. जी मोठी वाजते ती तेवढी कमी करायची, आणि नुसत्या अंदाजाने नाही. फाइली असतील तर संगणकावरची मोफत सॉफ्टवेअर सरासरी पातळी मोजून देतात. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' म्हणून जाणवत नाही, 'चांगला' म्हणून जाणवतो, म्हणून ही पायरी गाळता येत नाही. त्यानंतर कुणाला तरी बटण दाबायला बसवायचं आणि कोणती आवृत्ती वाजते आहे हे न कळता ऐकायचं. पूर्वी मोहक वाटणारे कितीतरी फरक इथे विरून जातात, आणि जे उरतात ते खरे असतात.

गाण्यातल्या जागाही निवडून ऐकाव्यात. बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा पियानोचा सूर 40 सेकंदांहून जास्त काळ विरत जातो. अभियंता जेफ एमरिकने सूर मंदावत गेला तशी मुद्रणाची पातळी चढवत नेली, त्यामुळे शेवटी शेवटी खोलीचे बारीक आवाज आणि खुर्चीची करकर ऐकू येते. सळसळ पुसणाऱ्याचा हात जड पडला असेल तर तो इथे पकडला जातो: सूर आधीच संपतो आणि मागे मेलेली शांतता उरते. लेड झेपलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी अभियंता अँडी जॉन्सने हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या घराच्या जिन्याखाली ढोल मांडला आणि वरच्या मजल्यावरून दोन मायक्रोफोन सोडले. त्या जिन्याची उंची ऐकू आली पाहिजे. ठोका आणि त्याचा घुमार वेगळे राहिले तर मास्टरिंग ठीक, दोन्ही एकाच भिंतीत मिसळले तर लिमिटर जास्त झाला. बँडच्या जिमी पेजने 2014-15 मध्ये अभियंता जॉन डेव्हिससोबत काढलेल्या आवृत्त्या या कसोटीला माझ्या मते चांगल्या उतरतात. याखेरीज सिंबलवर कान ठेवावा. काशाची किणकिण जाऊन वाफेसारखा फुत्कार येत असेल तर कुणीतरी ट्रेबल फाजील चढवला आहे. पहिल्या मिनिटात असा चढवलेला ट्रेबल 'स्पष्टपणा' वाटतो, पण पूर्ण अल्बम ऐकून बघावा.

आकडेही मदत करतात, बेताने. शिखर आणि सर्वांत मोठ्या भागांची सरासरी यांतलं अंतर मोजून 'डीआर' नावाचा एक आकडा काढतात. 12-14 असेल तर श्वास आहे, 5-6 असेल तर दाबलं आहे, असा ढोबळ हिशेब. तबकडीवरून उतरवलेल्या फाइलचा डीआर मात्र फुगलेला येतो, कारण कोरताना आणि सुईतून वाचताना लहरींचा आकार बदलतो. तेवढ्या आकड्यावरून तबकडीला श्रेष्ठ ठरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. शिवाय चुकीच्या टेपवरूनही सुरेख डीआर मिळू शकतो. रोलिंग स्टोन्सचा 'बेगर्स बँक्वेट' 1968 पासून किंचित संथ गतीने विकला जात होता. 2002 च्या आवृत्तीत ती गती दुरुस्त झाली. कोणत्याच मीटरने ती चूक दाखवली नसती.

आणि कानाच्या अहंकाराचा सर्वांत मोठा धडा 2022 च्या जुलैत मिळाला. कॅलिफोर्नियातली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या तबकड्यांसाठी नावाजलेली. एका अमेरिकी रेकॉर्ड विक्रेत्याने शंका बोलून दाखवली आणि कंपनीच्या अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर कबूल केलं, की टेप आणि कोरणी यांच्यामध्ये अनेक वर्षं उच्च दर्जाची डिजिटल नक्कल वापरली जात होती. खटला झाला, 2.5 कोटी डॉलरची तडजोड झाली. लपवाछपवी चूकच होती. पण डिजिटलचा स्पर्श ताबडतोब ओळखतो असं सांगणाऱ्या मातब्बर समीक्षकांनीच त्या तबकड्यांची स्तुती केली होती, हेही तितकंच खरं. माध्यमापेक्षा टेप आणि अभियंता मोठे, हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

टेपांना मात्र वेळ फार नाही. सत्तरीच्या मध्यापासूनच्या अनेक अमेरिकी टेपांवरचा चिकट थर दमट हवेने फुटतो आणि टेप यंत्राला चिकटते. ती सुमारे 54 अंश सेल्सियसला काही तास भाजावी लागते, मग थोडे दिवस वाजवता येते. तेवढ्यात नक्कल काढून घ्यायची. म्हणून आजचं चांगलं डिजिटल हस्तांतरण उद्याची एकमेव मूळ प्रत ठरू शकतं.

रिमिक्सची बाजू मला पूर्वीइतकी परकी वाटत नाही. जेथ्रो टलचा 'ॲक्वालंग' (1971) नेहमीच गढूळ वाजायचा. स्टीव्हन विल्सनने 2011 मध्ये सुट्या पट्ट्यांपासून तो पुन्हा बांधला आणि इयन अँडरसनची अकूस्टिक गिटार कोपऱ्यातून पुढे आली. क्वीनने 2024 मध्ये आपला 1973 चा पहिला अल्बम 'क्वीन I' या नावाने नव्याने मिश्रित केला, कारण ट्रायडंट स्टुडिओत ढोलाला मिळालेला बसका नाद त्यांना कधीच आवडला नव्हता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा हा पहिला अल्बम, त्यामुळे आपल्याकडे तो कुतूहलाने ऐकला जातो. नवं मिश्रण भव्य आहे. तरी जुनं नजरेआड करू नये, असं माझं ठाम मत आहे. 1973 चा तो कोंदटपणाही त्या मुलांच्या धडपडीची नोंद आहे.

काळजी वाटते ती स्ट्रीमिंगची. तिथे अनेक अल्बमांची एकच, सर्वांत नवी आवृत्ती मिळते आणि जुनी निमूटपणे गायब होते. एक चांगलंही झालं आहे: स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण एकाच पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे चिरडून मोठं करण्यात आता काही फायदा राहिलेला नाही. पण आधीच चिरडलेलं परत मिळत नाही. मुंबईचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, पण तिथून आणलेल्या सीडी आणि कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात निघालेल्या एलपी पुण्या-मुंबईच्या कपाटांत अजून आहेत. रद्दीवाल्याला देण्याआधी वेष्टनावरचं वर्ष आणि मास्टरिंग करणाऱ्याचं नाव वाचा, आणि फोनवरच्या आवृत्तीशेजारी, पातळी समान करून, एकदा लावून पाहा.