मुंबई ते लंडन : विमानाचे तास आणि फळाचे तास

आंबा, द्राक्षें व ताजी भाजी विमानानें परदेशीं धाडण्याची उमेद आतां अनेक गांवीं दिसूं लागली आहे. अशा वेळीं ‘मुंबईहून लंडन किती तासांवर?’ हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा राहत नाहीं. फळ केव्हां उतरवावें हें त्याच्या उत्तरावर ठरतें. म्हणून या विषयाचा थोडा विचार आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम अंतर पाहूं. मुंबई व हीथ्रो या विमानतळांमधील सर्वांत जवळची वाट सुमारें 7,200 किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ती सांपडत नाहीं. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही स्थळांमध्यें दोरा ताणावा. तो पाकिस्तान, इराण व कास्पियन समुद्र यांवरून जातो. परंतु एखाद्या देशानें आपलें आकाश बंद केलें कीं वळसा आलाच. 2019 सालीं फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्ताननें तसें केलें, तेव्हां भारतांतून पश्चिमेस जाणाऱ्या अनेक विमानांस लांबची वाट धरावी लागली.

आतां वेळ. विमानाचा वेग ताशीं सुमारें 900 किलोमीटर धरल्यास भागाकार आठ तासांचा येतो. वेळापत्रकांत मात्र साडेनऊ-दहा तास असतात. धांवपट्टीपर्यंत जाणें, उतरण्यासाठीं तिष्ठणें व वाटेंतील वळसे हीं त्याचीं कारणें होत. पण मोठें कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेस जोराचा वारा वाहतो. जातांना तो समोरून येतो, परततांना पाठीशीं असतो. म्हणून परतीस बहुधा कमी वेळ लागतो. घड्याळाचा चकवाही ध्यानांत ठेवावा. आंब्याच्या दिवसांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेचार तास मागें असतें. येथून दुपारीं 2 वाजतां सुटून तेथें सायंकाळीं साडेसातास पोहोंचलेल्या विमानास साडेपांच नव्हे, दहा तास लागलेले असतात.

8 जून 1948 रोजीं मुंबईहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें पहिलें विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. आज ही मजल एका उड्डाणांत होते. तरी शेतकऱ्यानें एवढ्यावर भुलूं नये. फळाचे तास विमान सुटल्यावर नव्हे, देंठ तुटतांच सुरू होतात. रत्नागिरीहून मुंबईपर्यंतची सडकच 300 किलोमीटरांहून अधिक. पुढें निवड, पेट्या भरणें, कीडनिवारणाची प्रक्रिया, तपासणी व जकातीचे कागद. आणि लंडनला उतरल्यावर पुन्हा तपासणी व दुकानाची वाट. माल मध्यें दुबईस उतरवून दुसऱ्या विमानांत चढविला, तर खोळंबा आणखी वाढतो.

यास्तव आमची विनंती अशी कीं, माल धाडणाऱ्या प्रत्येकानें बागेपासून दुकानापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचे तास वहींत मांडावे आणि त्या बेरजेवरून तोडणीचा दिवस व फळाची पक्वता ठरवावी. आकाशांतील वाऱ्यावर आपली सत्ता नाहीं. परंतु पेटी सावलींत किती लवकर पोहोंचते, हें पुष्कळ अंशीं आपल्याच हातीं आहे.